सात नंबरची अंडी

पार्श्वभूमी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका लहानशा निवारा केंद्रात मी नोंदी सांभाळते. कोणता प्राणी कधी आला, नर की मादी, काय खातो, कात कधी टाकली, हे सगळं माझ्या वहीत असतं. या प्रकरणात सापापेक्षा ती वहीच जास्त दोषी आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. केंद्राची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

सात नंबर म्हणजे एक बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा आखूड, जाडसर अजगर घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, त्यावरून हे नाव. तो पाळणाऱ्या कुटुंबाला जमेनासं झालं म्हणून आमच्याकडे आणून दिला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘नर, वय अंदाजे ६ वर्षं’. मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं.

अजगर नर आहे की मादी हे नुसतं पाहून सांगता येत नाही. शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या दिसतात. अजगरांच्या पूर्वजांना पाय होते, त्यांचा हा उरलासुरला अवशेष. नराच्या नख्या बहुधा मोठ्या असतात, पण त्यावर विसंबू नये. खात्री करायची तर गुळगुळीत, बोथट सळई शेपटीच्या दिशेनं अलगद सरकवून ती किती खवल्यांपर्यंत जाते ते मोजतात: नरात खोल, मादीत उथळ. हात सराईत हवा, नाहीतर इजा होते. सात नंबर शांत होता, खातपीत होता. उगाच कशाला त्रास द्यायचा, असं सगळ्यांनाच वाटलं आणि तपासणी राहून गेली.

पुढची चार वर्षं तो एका काचपेटीत एकटा होता. अपवाद फक्त ११ दिवसांचा. एका खोलीतली उष्णतेची सोय बंद पडली होती, तेव्हा दुसऱ्या एका बॉल पायथनला त्याच्या पेटीत ठेवलं होतं. दोघेही वहीत नर, त्यामुळे कुणालाच काळजी वाटली नाही. तो दुसरा नंतर एका वेगळ्या केंद्रात गेला.

पहिली खेप

चौथ्या वर्षी सात नंबरनं खाणं सोडलं. बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहतात, त्यात नवल नाही, म्हणून वहीत ‘नेहमीचा उपास’ एवढंच लिहिलं. मग एका सकाळी देखभाल करणारा सहकारी दारात येऊन म्हणाला, “मॅडम, सात नंबरनं अंडी घातलीत.” मला वाटलं थट्टा करतोय. वेटोळ्यात पाच अंडी होती.

एवढ्यानं एक गोष्ट नक्की झाली, की सात नंबर ही मादी होती. दुसरी गोष्ट आम्ही परस्पर ठरवून टाकली, की अंडी वांझ आहेत. तसं ठरवण्याला आधार होताच. एकट्या ठेवलेल्या मादीनं फलन न झालेली अंडी घालणं सापांत, सरड्यांत, पक्ष्यांतही नेहमीचं आहे. अशी अंडी बहुतेकदा पिवळट, लहान आणि सुरकुतलेली असतात. सहकारी म्हणत होता, की यातली दोन चांगली पांढरीशुभ्र आणि टणक दिसतायत. पण त्या आठवड्यात नव्या प्राण्यांची रीघ लागली होती. अंडी दोन दिवस शीतपेटीत राहिली आणि मग कचऱ्यात गेली. फोटो नाही, वजन नाही, एकही अंडं फोडून पाहिलं नाही.

आमची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, असं मला आजही वाटतं. नंतरच्या चुका निदान दुरुस्त तरी झाल्या.

दुसरी खेप आणि समोरचे पर्याय

पुढच्या वर्षी पुन्हा उपास सुरू झाला, पण या वेळी लक्ष होतं. तिनं कात टाकली आणि त्यानंतर महिनाभरात सहा अंडी दिली. आता प्रश्न होता, यांचं करायचं काय?

एक मत असं, की मागच्यासारखी काढून टाकावीत. निवारा केंद्राचं काम प्राणी वाढवणं नाही. हे मत मूर्खपणाचं नव्हतं. जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाला पुढची वीसतीस वर्षं जागा द्यावी लागते. दुसरं मत, ती आईपाशीच राहू द्यावीत. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. बर्मी अजगराची मादी तर स्नायू सतत थरथरवून अंड्यांना ऊब देते, थंड रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा प्राणी स्वतःच शेगडी होतो. बॉल पायथनच्या वेटोळ्याचा मोठा उपयोग अंड्यांतला ओलावा टिकवण्यासाठी होतो. पण अंड्यांवर बसलेली मादी खात नाही, आणि सात नंबर आधीच बरीच वाळली होती. तिसरा पर्याय इन्क्युबेटरचा. चौथा आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा: सगळी अंडी लगेच गोठवून आतल्या पेशी तपासायच्या, म्हणजे पिल्लांचा प्रश्नच उरणार नाही.

आम्ही इन्क्युबेटर निवडला. खरं कारण सांगायचं तर शास्त्रीय कुतूहल नव्हे, आईची तब्येत. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ती ओढून सुटी करू नयेत, म्हणून अख्खा गोळाच उचलला. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, सापाची फिरवली तर भ्रूण मरू शकतो, कारण तो कवचाच्या वरच्या अंगाला आतून चिकटतो. तापमान ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, खाली ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज.

आठवड्यानं अंधारात टॉर्च धरून पाहिलं. तीन अंड्यांत काहीच नव्हतं. उरलेल्या तिन्हींत लाल शिरांचं जाळं पसरलं होतं.

दोन शक्यता

आता बाप कोण, हा प्रश्न आला. आमच्यापुढे दोन उत्तरं होती, आणि दोन्ही सारखीच अजब.

पहिलं: त्या ११ दिवसांत समागम झाला आणि तिनं शुक्राणू तेव्हापासून अंगात साठवून ठेवले. दुसरी खेप आली तेव्हा त्या गोष्टीला अडीच वर्षं झाली होती. ऐकायला अशक्य वाटतं, पण प्राण्यांच्या जगात ही बऱ्यापैकी रुळलेली सोय आहे. ईस्टर्न डायमंडबॅक जातीच्या एका रॅटलस्नेक मादीनं किमान ५ वर्षं एकटं राहिल्यावर पिल्लं दिली आणि जनुकीय तपासणीत त्या पिल्लांना बाप असल्याचं निघालं. हा अभ्यास २०११ सालचा. काही मुंग्यांच्या राण्या तर आयुष्याच्या सुरुवातीला एकदा मिळालेले शुक्राणू दहादहा वर्षं पुरवून वापरतात.

दुसरं: बाप नाहीच. याला अनिषेकजनन म्हणतात, म्हणजे फलनाशिवाय अंडपेशीतून पिल्लू तयार होणं. कोमोडो ड्रॅगनमध्ये ते २००६ साली इंग्लंडमधल्या दोन प्राणिसंग्रहालयांतून समोर आलं. त्याआधी १९५० च्या दशकात अमेरिकेत टर्की कोंबड्यांमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला होता. बॉनेटहेड शार्कमध्ये २००७ साली, अमेरिकन मगरीत २०२३ साली तशा नोंदी प्रसिद्ध झाल्या. वाळा हा गांडुळाएवढा साप तर नरांवाचूनच चालतो, त्याची अख्खी जात माद्यांची आहे. सस्तन प्राण्यांना मात्र हे आपोआप जमत नाही, कारण आमची काही जनुकं आईकडून आली तर झोपलेली आणि बापाकडून आली तर जागी असतात, काहींचं उलट. दोघांचा वाटा नसेल तर भ्रूण पुढे सरकत नाही.

दोन्ही शक्यतांत फरक ओळखायचा रस्ता सरळ होता: डीएनए. पण बाहेरच्या प्रयोगशाळेचा खर्च होता, आणि कशावरही उपचार त्यावर अवलंबून नव्हते. ठरलं, आधी पिल्लं जगतात का बघू.

निर्णयाचा कळीचा क्षण

विसाव्या दिवशी एक अंडं बसलं. या वेळी शहाणपण आलं होतं. ते उघडलं, आतला अर्धवट वाढलेला भ्रूण अल्कोहोलमध्ये ठेवला आणि बाटलीवर तारीख टाकली. दुसरं चाळिशीच्या आसपास बुरशीनं गेलं आणि त्यातून हाती काही लागलं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी तिसऱ्या अंड्याच्या कवचावर चीर दिसली. सापाच्या पिल्लाच्या तोंडाच्या टोकाला तेवढ्यापुरता एक धारदार दात असतो, त्यानं ते कवच फाडतं. काम झालं की दात गळून पडतो. चीर पाडून पिल्लू दीड दिवस नुसतं नाक बाहेर काढून बसलं होतं. आम्ही सगळे आळीपाळीनं तिथे. बाहेर आलं तेव्हा शेपटीच्या टोकाला वाकडं, बाकी ठीक.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मादी आहे. आणि इथेच आमची गाडी रुळावरून घसरली.

डॉक्टरांचा तर्क असा होता. सापांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं पक्ष्यांसारखी असतात: नर म्हणजे दोन झेड, मादी म्हणजे एक झेड आणि एक डब्ल्यू. मणक्याच्या प्राण्यांत अशा प्रसंगी बहुधा असं घडतं. अंडपेशी तयार होताना विभाजन असमान होतं. मोठा हिस्सा अंडपेशीला मिळतो, आणि तिच्या गुणसूत्रांची जवळपास नक्कल असलेला संच ध्रुवपिंड नावाच्या चिमुकल्या पेशीत जातो. ही पेशी एरवी टाकाऊ. पण क्वचित तीच परत येऊन शुक्राणूसारखी अंडपेशीत मिसळते. म्हणजे पिल्लाकडे आईचा अर्धाच ऐवज, पण दोनदा. या हिशेबानं त्याला एकतर दोन झेड मिळतील, म्हणजे नर, किंवा दोन डब्ल्यू, आणि असा जीव सहसा जगत नाही. कोमोडोची पिल्लं नर निघाली. टर्कीची नर निघाली. आपलं पिल्लू मादी आहे, म्हणून त्याला बाप आहे.

तर्कात एकही कडी सुटलेली नव्हती. मी वहीत लिहिलं: ‘पिल्लू मादी. म्हणून अनिषेकजनन नाही. साठवलेल्या शुक्राणूंपासून जन्म.’ दुसऱ्या केंद्रात गेलेल्या त्या अजगराला कळवलं, म्हणजे अर्थात त्याच्या केंद्राला. त्यांनी तपासून सांगितलं, की तो खरोखर नर आहे. झालं, बापही सापडला! काचपेटीवर माहितीची पाटी लागली, ‘अडीच वर्षं जपलेले शुक्राणू’. डीएनए तपासणी रद्द केली, कारण उत्तर मिळालेलंच होतं.

पाटी पाच महिने लटकत होती.

एक साधा प्रश्न

मदतीला येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं पाटी वाचून विचारलं, “सापांत झेड-डब्ल्यू हे ठीक, पण अजगरांत ते कुणी पाहिलंय का?”

डॉक्टर म्हणाले, पुस्तकात आहे. पुस्तकात होतंच. नाग, घोणस, धामण अशा पुढारलेल्या सापांत डब्ल्यू गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं. बोआ (अजगरासारखाच विळखा घालून भक्ष्य मारणारा साप) आणि अजगरांत मात्र लिंगाची दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखीच असतात. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार ही झेड-डब्ल्यूचीच सुरुवातीची, अजून वेगळी न झालेली अवस्था मानली गेली. पुढची पन्नास वर्षं ते असंच छापलं जात राहिलं. २०१७ साली डीएनएच्या पातळीवर तपास झाला तेव्हा एका बोआत आणि बर्मी अजगरात उलटंच निघालं. तिथे माणसासारखी एक्स-वाय पद्धत आहे, मादी म्हणजे दोन एक्स.

मजा अशी, की बॉल पायथन पाळणाऱ्या हौशी लोकांना याची कुणकुण आधीच लागली होती. या सापात ‘बनाना’ नावाचा एक पिवळा रंगप्रकार आहे. काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर होतात, काहींची जवळजवळ सगळी मादी, आणि ते त्या नराला हा रंग बापाकडून मिळाला की आईकडून, यावर ठरतं. झेड-डब्ल्यू मानलं तर या गोष्टीचा मेळच बसत नाही. एक्स-वाय मानलं की कोडं सुटतं. पाळणारे आपसात त्या नरांना ‘मेल मेकर’ आणि ‘फीमेल मेकर’ म्हणत आणि त्यावर पिल्लांचे अंदाज बांधत.

मादीकडे दोन एक्स असतील, तर बापाविना झालेल्या पिल्लालाही एक्सच मिळणार. म्हणजे मुलगीच. ज्या खुणेवरून आम्ही अनिषेकजनन फेटाळलं होतं, तीच त्याच्या बाजूनं उभी राहिली. ती पुरावा नव्हती, कारण बाप असतानाही निम्मी पिल्लं मादी होतातच. पण आमचा ‘म्हणून’ मात्र कोसळला.

आम्ही एकटेच फसलो नव्हतो, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. २०११ साली एका बोआ मादीच्या दोन वेतांतल्या २२ पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सगळ्या मुली, सगळ्या बापाविना. तेव्हा त्यांना डब्ल्यू-डब्ल्यू म्हटलं गेलं, आणि असा जीव जगू शकतो हेच मोठं नवल ठरलं. २०१७ नंतर तेच निरीक्षण साध्या दोन एक्सनी समजावता येतं. निरीक्षण पहिल्यापासून बरोबर होतं, त्यावरचं नाव चुकलं होतं.

तपासणी आणि निकाल

आता डीएनएशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि कुणाला सुई टोचायचीही गरज नव्हती. टाकलेल्या कातीतून पुरेसा डीएनए मिळतो. आईची कात, पिल्लाची पहिली कात, दुसऱ्या केंद्रातून मागवलेली त्या नराची कात आणि अल्कोहोलमधला भ्रूण, असे चार नमुने गेले.

प्रयोगशाळेनं १४ जागा तपासल्या. त्यांतल्या ९ जागी आईकडे जनुकखुणेच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. त्या नऊच्या नऊ जागी पिल्लाकडे एकच आवृत्ती होती, दोनदा, भ्रूणाचंही तसंच. नराच्या आणि आईच्या आवृत्त्या मुळीच जुळत नव्हत्या अशा ६ जागा निघाल्या. तो बाप असता तर तिथे त्याची खूण पिल्लात दिसायलाच हवी होती. एकाही जागी दिसली नाही. पिल्लू आणि भ्रूण मात्र एकमेकांची नक्कल नव्हते. चार जागी आईची एक आवृत्ती एकीला गेली होती, दुसरी दुसरीला. ध्रुवपिंड परत मिसळण्याच्या गोष्टीशी हे जुळतं: दोघी आईचेच तुकडे, पण वेगळे तुकडे.

आईच्या जनुकांतलं वैविध्य अशा पिल्लात जवळपास सगळं हरपतं आणि दडून राहिलेले दोष उघडे पडतात. सहापैकी एकच अंडं का फुटलं आणि त्या एकाचीही शेपटी वाकडी का, याचं निदान अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं आमच्या इन्क्युबेटरच्या बुरशीत असू शकतं, तेही मान्य करते.

काय वेगळं करता आलं असतं

आल्या दिवशी सळईची तपासणी. ती झाली असती तर ११ दिवसांची सोबत घडलीच नसती आणि बापाचा प्रश्न जन्मताच मिटला असता. पहिल्या खेपेतली दोन पांढरी अंडी उघडायला हवी होती. ज्याच्या हाताखाली प्राणी रोज असतो त्याचं म्हणणं ऐकायला वेळ नसणं ही सबब फार लंगडी आहे.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी पुस्तकावर भरवसा ठेवला, तो ठेवावाच लागतो. माझी चूक जास्त मोठी वाटते, कारण मी वहीत ‘म्हणून’ हा शब्द लिहिला. नोंद होती फक्त ‘पिल्लू मादी’ एवढी. पुढचं सगळं अनुमान होतं, आणि ते नोंदीच्या रकान्यात गेल्यामुळे त्यावर पुन्हा कुणी प्रश्न केला नाही. आता वहीत दोन रकाने आहेत, ‘पाहिलं’ आणि ‘वाटतं’. दुसरा पेन्सिलीनं भरायचा.

नर हजर होता म्हणजे बाप तोच, हाही समज आम्ही फार सहज गिळला. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या दुर्मिळ गिधाडाच्या दोन पिल्लांबद्दल २०२१ साली कळलं, की ती बापाविना जन्मली होती, आणि त्यांच्या आया तर प्रजननक्षम नरांसोबतच राहत होत्या. तिथे सगळ्याच पक्ष्यांची जनुकीय नोंद ठेवली जाते म्हणून ते नेहमीच्या तपासणीत सापडलं. नर सोबत असताना असं किती वेळा होत असेल आणि कुणी शोधतच नसेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. डॉक्टरांच्या मते पुढची अंडी आली तर लगेच गोठवावीत, कारण अधू पिल्लं जन्माला घालणं बरं नव्हे. देखभाल करणारा सहकारी म्हणतो, निदान टॉर्च मारून मोजू तरी द्या. मी सध्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे, पण मोजू देणार आहे.

सध्याची स्थिती

पिल्लू आता वर्षाचं झालंय. सुरुवातीला दीड महिना तोंडात काही घेत नव्हतं, आता नीट खातं. वहीत त्याला सत्तावीस नंबर मिळाला. जुनी पाटी काढली. नवीत ‘बहुधा’ हा शब्द दोनदा आल्यानं ती कुणी पूर्ण वाचत नाही अशी तक्रार आहे. सात नंबरच्या पानावर पहिल्याच ओळीत ‘नर’ हा शब्द आहे, त्यावर एक आडवी रेघ. खाली ‘साठवलेले शुक्राणू’, त्यावर दुसरी रेघ. खोडून टाकू का, असं विद्यार्थिनीनं विचारलं होतं. मी नको म्हटलं.

गेल्या आठवड्यापासून सात नंबरनं पुन्हा खाणं सोडलंय.